मागच्या खिडकीतली बाई

मे महिन्यातली दुपार. गडचिरोलीहून चामोर्शी, आष्टी, आलापल्ली करत अहेरीला जाणारी एसटी. खिडक्या सगळ्या उघड्या. आत येतो तो वारा गरम आहे, पण वारा आहे. तिसऱ्या बाकावरचा माणूस खिशातून पन्नी काढतो, चिमूटभर खर्रा गालात सरकवतो आणि थोड्या वेळाने मान बाहेर काढून थुंकतो. गाडी वेगात असते, त्यामुळे पिंक मागे येते. चौथ्या बाकावरच्या बाईच्या मनगटावर आणि लुगड्याच्या काठावर बारीक तपकिरी शिंतोडे उडतात. ती काही बोलत नाही. पदराच्या टोकाने हात पुसते आणि काच ओढून घेते. पुढचे दोन तास ती त्या बंद काचेमागे घामाने निथळत बसून राहते.

या प्रवासात भांडण झाले नाही, आवाज चढला नाही, वाहकाला उठून यावे लागले नाही. ज्याला आपण किरकोळ म्हणतो तसाच हा प्रकार. पण त्या बाईने किंमत मोजली. एकाच्या तोंडाची सोय झाली आणि दुसरीचा वारा गेला. रोजच्या बारीकसारीक त्रासांबद्दल आपल्याकडे पुष्कळ बोलले जाते, आणि ते बहुतेक वेळा शिष्टाचाराच्या अंगाने: लोकांना शिस्त नाही, वळण नाही, नागरिकशास्त्र नुसते पुस्तकात राहिले. हे सगळे खरे असेलही. पण चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांत थोडे हिंडले की प्रश्न वेगळ्या जागी जाऊन थांबतो. त्रास देणारा कोण, यापेक्षा त्रास झाल्याचे सांगण्याची सोय कोणाला आहे आणि मुकाट्याने काच ओढून घेणे कोणाच्या वाट्याला येते, याचा हिशेब आधी मांडायला हवा.

आधी खर्‍याचेच बघू. सुपारीचे तुकडे, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घालून घोटायचा, की झाला खर्रा. पानठेल्यावर तो डोळ्यांदेखत तयार होतो. २०१२मध्ये राज्यात गुटखाबंदी झाली, पण खर्‍याचे ठेले गावोगाव चालूच राहिले. २०१६-१७च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रात धूरविरहित तंबाखू घेणाऱ्या प्रौढांचे प्रमाण २४.४ टक्के निघाले होते. गडचिरोलीत ते राज्याच्या सरासरीपेक्षा बरेच जास्त असल्याचे 'सर्च' संस्थेच्या पाहण्यांतून दिसले आहे. हे झाले आकडे. पण खर्रा हा बोलण्याची सुरुवात करण्याचाही मार्ग आहे. 'दे गा जरासा' म्हटले की अनोळखी माणूस ओळखीचा होतो. शेताच्या बांधावर, कचेरीच्या व्हरांड्यात, मयतीला जमलेल्या माणसांत, सगळीकडे एकच पन्नी हातोहात फिरते. ज्याने नको म्हटले तो शिष्ट ठरतो. म्हणून पिंकेबद्दल बोलणे हे नुसत्या पिंकेबद्दलचे बोलणे उरत नाही. ते त्या घरोब्यावर बोट ठेवल्यासारखे होते, आणि माणसे मागे सरतात.

शिवाय थुंकणारा कोण, हेही असते. शिपाई साहेबाला सांगत नाही. सून सासऱ्याला सांगत नाही. विद्यार्थी सरांना सांगत नाही. चुकून कोणी बोललेच, तर शेजारचा चटकन म्हणतो, 'जाऊ द्या न जी.' हे शब्द नीट ऐकावेत. ते नेहमी ज्याला त्रास झाला त्यालाच ऐकवले जातात. थुंकणाऱ्याला 'राहू द्या न जी' असे म्हणताना कोणी सहसा दिसत नाही. सोसण्याचा सल्ला आधीच सोसत असलेल्याच्या पदरात पडतो, आणि ज्याने तोंड उघडले तो भांडखोर ठरतो. २०२०मध्ये करोनाच्या काळात राज्य सरकारने उघड्यावर थुंकणाऱ्याला पहिल्या वेळी १,००० रुपये दंड आणि एक दिवस सार्वजनिक सेवा अशी शिक्षा जाहीर केली होती. आज सरकारी इमारतींच्या जिन्यांचे कोपरे बघितले तर त्या शिक्षेची आठवण कोणाला आहे असे वाटत नाही. कित्येक ठिकाणी त्या कोपऱ्यांत देवादिकांच्या चित्रांच्या टाइल लावून भिंत वाचवावी लागते. खाली पायरीवर बसणाऱ्या माणसासाठी मात्र अशी टाइल नसते.

दुसरे उदाहरण फोनचे, आणि ते कोणत्याही बसमधले आहे. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात लॉरेन एम्बरसन आणि सहकाऱ्यांनी २०१०मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. दोन माणसांचे पूर्ण बोलणे कानावर पडले तर हातातल्या कामात फारसा अडथळा येत नाही. पण फोनवरच्या बोलण्याची एकच बाजू ऐकू आली की लक्ष विचलित होते, कारण पुढचा शब्द काय असेल याचा अंदाज मेंदूला करावासा वाटतो आणि तो करता येत नाही. म्हणजे चिडणारा माणूस चिडखोर स्वभावाचा असतो असे नाही. त्याच्या डोक्याला कोणीतरी न विचारता काम लावलेले असते. आता तर फोनवरची गाणी आणि चित्रफितीही मोठ्याने लावल्या जातात, आणि अख्ख्या बसला त्या ऐकाव्या लागतात.

जंगलात आवाजाचा हिशेब याहून कडक होतो. ताडोबा हे १९५५ साली जाहीर झालेले राष्ट्रीय उद्यान महाराष्ट्रातले सर्वांत जुने. सकाळी फाटक उघडते आणि जिप्सी आत शिरतात. एका गाडीत पर्यटक, चालक आणि वाटाड्या गाईड. गाईड बहुधा मोहर्ली, कोलारा, नवेगाव अशा आसपासच्या गावांतला असतो. त्याची अर्धी विद्या डोळ्यांत आणि अर्धी कानांत असते. माकडाचा खाकरल्यासारखा आवाज, चितळाची शीळ, सांबराचा 'ढाँक' असा एकच हुंकार. यावरून तो सांगतो की अमुक बाजूला काहीतरी चालले आहे. मागच्या बाकावर कोणी काल रात्रीच्या जेवणाची चर्चा करत असेल, वेफरचे पाकीट फोडत असेल, तर तो हुंकार हातचा जातो. इथे गडबड नुसती अप्रिय नसते, ती एका माणसाच्या कामाचे हत्यार बोथट करते. २०१८च्या डिसेंबरपासून ताडोब्यात पर्यटकांच्या मोबाइलवर बंदी आली, आणि ती योग्यच होती. तोंडावर मात्र अशी बंदी घालता येत नाही.

आणि तोंडून बाहेर पडणारे पहिले वाक्य ठरलेले असते: 'टायगर दिसेल ना?' गाईडला नाव विचारण्याच्याही आधी. वाघ दिसला नाही तर पर्यटकाचा चेहरा पडतो, बक्षिसी आटते, 'पैसे वाया गेले' हे वाक्य फाटकापर्यंत चारदा ऐकू येते. पर्यटकाच्या या चिडीला मान आहे. तिची भीती चालकाला असते, गाईडला असते, रिसॉर्टच्या व्यवस्थापकालाही असते. उलट बाजूची चीड मात्र गिळायची असते. 'गाडी जरा पुढे घ्या, अजून पुढे,' असे खांद्यावर थोपटून सांगणाऱ्याला 'नाही साहेब, अंतर ठेवावे लागते' एवढे म्हणतानाही गाईडचा आवाज नरम असतो, कारण उद्याची फेरी त्याला मिळायची असते.

या दबावाचे पुढे काय होते ते सगळ्यांनी पाहिले आहे. मे २०२४मध्ये ताडोब्यात टी-११४ या वाघिणीची वाट जिप्सींनी पुढून-मागून अडवली. ३१ डिसेंबर २०२४ला शेजारच्या उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात एफ-२ ही वाघीण आपल्या पाच बछड्यांसह रस्त्यावर असताना दोन्ही बाजूंनी गाड्या येऊन उभ्या राहिल्या. त्या चित्रफिती राज्यभर फिरल्या आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. दोन्ही वेळा आधी निलंबन झाले ते चालक आणि गाईडांचे. त्यांची चूक होतीच. नियम त्यांना ठाऊक असतो. पण 'अजून पुढे' म्हणणारा आवाज मागच्या बाकावरून आलेला असतो, आणि शिक्षेचा भार पुढच्या बाकावर पडतो. दुसऱ्याच दिवशी चुलीचा प्रश्न उभा राहतो तोही गाईडच्या घरात.

फेब्रुवारी २०२४मध्ये ताडोब्याच्या निमढेला बफर क्षेत्रातली एक चित्रफीत पुष्कळांना आठवत असेल. एक वाघ पाणवठ्यातून प्लास्टिकची बाटली दातांत धरून बाहेर घेऊन निघाला आहे. लोकांनी वाघाचे कौतुक केले, स्वच्छतेचा दूत वगैरे म्हटले. वाघ दूत नसतो. त्याच्या पिण्याच्या पाण्यात कोणीतरी कचरा टाकला होता आणि तो त्याच्या तोंडाला लागला. बाटली टाकणाऱ्याच्या लेखी ती अगदी बारीक गोष्ट असणार.

या भागातला सर्वांत जिव्हारी लागणारा त्रास मात्र एका प्रश्नाचा आहे. १० मे २०२५ला सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने तोडायला गेलेल्या तीन बायका एकाच वाघिणीच्या हल्ल्यात गेल्या. अशी बातमी आली की शहरातल्या दिवाणखान्यात हमखास कोणीतरी म्हणते, 'वाघाच्या जंगलात गेल्याच कशाला?' म्हणणाऱ्याच्या मनात दुष्टावा नसतो. त्याला प्रश्न साधा वाटतो, आणि म्हणूनच तो इतका लागतो. तेंदूचा हंगाम उन्हाळ्यातल्या थोड्या आठवड्यांचा. पाऊस यायच्या आत जो पैसा हातात पडतो त्यावर बियाणे, खत आणि पोरांच्या शाळेचा जून उभा राहतो. त्याआधी मार्च-एप्रिलात मोहफुलं. ती रात्री गळायला लागतात आणि पहाटे झाडाखाली सडा पडतो. उशिरा गेले तर गुरे आणि हरणे खाऊन जातात. म्हणून बाई टोपली घेऊन अंधारातच निघते. वाकून वेचणाऱ्या माणसाला धोका जास्त असतो, हे तिला शहरातल्या कोणाहीपेक्षा चांगले माहीत असते. त्याच पहाटे, त्याच जंगलाच्या दुसऱ्या फाटकातून हजारो रुपये भरून, वाघ बघण्यासाठीच माणसे आत शिरत असतात. त्यांना 'गेलातच कशाला' असे विचारण्याचे कोणाच्या मनातही येत नाही.

गडचिरोलीच्या माणसाला असे प्रश्न घराबाहेर पडल्यापासून सोबत करतात. पुण्याच्या वसतिगृहात, मुंबईच्या मुलाखतीत गावाचे नाव सांगितले की समोरच्याचा चेहरा बदलतो: 'बाप रे! नक्षलवादी बघितलेत का?' किंवा 'तिथे लाईट आहे का?' २६ ऑगस्ट १९८२ला चंद्रपूरपासून वेगळा झालेला, तीन-चतुर्थांशाच्या आसपास वनक्षेत्राचा हा जिल्हा. इथे मराठीच्या झाडीबोलीबरोबर गोंडी, माडिया, तेलुगू, छत्तीसगढी आणि बंगालीही बोलली जाते. इथल्या झाडीपट्टी रंगभूमीची नाटके रात्र रात्र चालतात आणि अख्खी गावे ती बघतात. यातले काही त्या चेहऱ्यावर उमटत नाही. मुलगा 'पाणी'ला 'पानी' म्हणाला की वर्गात खसखस पिकते. दोन-चार वेळा असे झाले की तो बोलणे कमी करतो. तीही ओढून घेतलेली काचच.

आणि ही नजर सरकारी भाषेतही मुरली आहे. 'गडचिरोलीला टाकीन' ही धमकी राज्यभरातल्या कचेऱ्यांमध्ये दिली जाते. बोलणाऱ्याला ती सहज वाटते. पण तिचा अर्थ असा होतो की दहा लाखांवर माणसे जिथे जन्मभर राहतात ती जागा म्हणजे तुरुंग. शिक्षा म्हणून आलेला माणूस पहिल्या दिवसापासून परतीची तारीख मोजतो. त्याच्या टेबलासमोर उभा राहणारा माणूस ते ओळखतो.

इथे एक हरकत घेतली जाईल आणि ती घेतलीच पाहिजे. बारीक त्रासांना एवढे महत्त्व द्यायचे म्हटले तर जगणे कठीण होईल. माणसे एकमेकांच्या अंगावर येतील. याहून मोठा धोका असा की चीड ही सज्जनाचीच मालमत्ता नाही. १९८२मध्ये अमेरिकेत विल्सन आणि केलिंग यांनी 'फुटक्या खिडक्यां'चा सिद्धान्त मांडला: लहान बेशिस्त दुर्लक्षित राहिली तर मोठी गुन्हेगारी वाढते. १९९०च्या दशकात न्यूयॉर्कच्या पोलिसांनी तो राबवला आणि बारीक गुन्ह्यांसाठी धरल्या गेलेल्यांत काळ्या आणि गरीब वस्त्यांतल्या पोरांची संख्या मोठी होती. आपल्याकडेही हेच होते. नव्या वसाहतीतल्या माणसाला आठवडी बाजाराचा गलका नको असतो. बफरमधल्या रस्त्यावर गावची गुरे आडवी आली की पर्यटक वैतागतो. तालुक्याच्या दवाखान्यात एका माडिया रोग्याबरोबर पाच-सहा नातेवाईक येऊन आवारात चूल मांडतात, याचा कर्मचाऱ्यांना त्रास होतो. या चिडी खोट्या नसतात. पण त्यांना लगेच कान मिळतो, लगेच पाटी लागते, लगेच चौकीदार हाकलायला जातो.

उलट दिशेची चीड बघा. चंद्रपूरच्या आसपासच्या कोळसा पट्ट्यात, घुग्घुसकडे, उन्हाळ्यात गच्चीवर कुरडया-पापड वाळत घातले तर संध्याकाळपर्यंत त्यांवर काळी भुकटी बसते. दोरीवरचे धोतर झटकूनच घडी घालावे लागते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९मध्ये देशातल्या औद्योगिक क्षेत्रांचे प्रदूषण मोजले तेव्हा चंद्रपूर ८३.८८ गुणांनी चौथ्या क्रमांकावर होते. तो आकडा यायच्या कितीतरी आधी गृहिणींना तो पापडावर दिसत होता. त्यांनी तेव्हा तक्रार केली असती तर ती किरकोळच ठरली असती. मापनयंत्राने सांगितले तेव्हा ते प्रदूषण झाले.

म्हणून सोसा आणि भांडा यांतून एक निवडण्याने काही सुटत नाही. लहान त्रास लहान असतानाच, त्रास झालेल्याच्या तोंडून, त्याचे काही न बिघडता बोलता येईल अशी जागा लागते. अशी जागा या दोन जिल्ह्यांत कोणी बाहेरून आणून दिलेली नाही. लोकांनी स्वतः घडवली आहे. १९९३ साली गडचिरोलीत दारूबंदी झाली त्यामागे गावोगावच्या बायकांची चळवळ होती. चंद्रपूरच्या बायका २०१०च्या डिसेंबरात चिमूरहून नागपूरच्या विधानभवनापर्यंत पायी चालत गेल्या. तिथली बंदी २०१५मध्ये आली आणि २०२१मध्ये उठली. बंदी असावी की नसावी यावर मतभेद आहेत आणि ते राहतील. पण ज्या गोष्टी 'घरातल्या कुरबुरी' म्हणून झटकल्या जात होत्या, संध्याकाळी रस्त्यावरून जाताना ऐकाव्या लागणाऱ्या शिव्या, रात्रीचा आरडाओरडा, पोरांचा मोडणारा अभ्यास, त्या बायकांनी उघड मांडल्या आणि राज्याला त्यांच्यावर निर्णय घ्यावा लागला, एवढे तरी त्यातून सिद्ध झाले.

धानोरा तालुक्यातले मेंढा-लेखा हे गाव देशाला माहीत आहे ते २००९मध्ये मिळालेल्या सामूहिक वनहक्कासाठी. सुमारे १,८०० हेक्टर जंगल आणि बांबू विकण्याचा अधिकार, ही मोठी गोष्ट आहेच. पण शंभराच्या आसपास घरांच्या या गोंड गावाची खरी कमाई तिथल्या सभेच्या पद्धतीत आहे. मेंढ्यात निर्णय बहुमताने होत नाहीत, सर्वसहमतीने होतात. एकाचीही हरकत असेल तर विषय थांबतो, पुन्हा चर्चेला येतो. बाहेरून बघणाऱ्याला हे संथ वाटते. पण यामुळे एक गोष्ट घडते: गप्प बसलेल्या माणसाला विचारावेच लागते, कारण त्याच्या होकाराशिवाय पुढे जाता येत नाही. हातांची मोजणी झाली की पाच नकार पन्नास होकारांखाली दडपून जातात. इथे ते पाचही जण समोर बसलेले असतात आणि त्यांचे म्हणणे पुरे झाल्याशिवाय सभा संपत नाही. 'जाऊ द्या न जी' म्हणून कोणाला गप्प करणे त्या सभेत परवडत नाही.

मेंढ्याची सभा बसमध्ये भरवता येणार नाही, हे उघड आहे. पण तिची रीत थोडी उचलता येईल. पर्यटक जसा गाईडबद्दल मत नोंदवतो तसे गाईडलाही पर्यटकांबद्दल नोंदवता यावे, आणि 'अजून पुढे घ्या' म्हणणाऱ्याचे पुढचे आरक्षण त्या नोंदीवरून अडावे. तसे झाले तर अंतर ठेवा म्हणताना गाईडचा आवाज इतका नरम लागणार नाही. बसस्थानकातून गाडी सुटण्याआधी वाहकाने उभे राहून एकदाच सांगावे, मराठीत आणि जमले तर गोंडी-माडियातही: खिडकीतून थुंकू नका, मागे बायामाणसे बसली आहेत, चामोर्शीला गाडी थांबेल, तिथे उतरा. सांगणारा खाकी कपड्यातला असला की बोलण्याचे ओझे चौथ्या बाकावरच्या बाईच्या डोक्यावरून उतरते. तेवढ्याने खर्रा सुटणार नाही. पण तोंड भरले की थांब्यापर्यंत दम धरायचा का, हे तिसऱ्या बाकावरच्याला ठरवावे लागेल, आणि काच उघडी ठेवायची का, हे तिला.